घोस्ट गनचा अमेरिकी नियम कसा वाचायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

अमेरिकेच्या बातम्यांत ‘घोस्ट गन’ हा शब्द आला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गावठी कट्टा उभा राहतो. दोन्ही बिननंबरी, दोन्ही कारखान्याबाहेर बनलेल्या, इथवर साम्य खरं. पण भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हाच गुन्हा आहे, आणि ओळखखूण नसलेली बंदूक विकायला कलम ८ ची मनाई आहे. अमेरिकेचा केंद्रीय कायदा वेगळ्या जागेवरून सुरू होतो. ज्याला बंदूक बाळगायची मनाई नाही अशा माणसाने स्वतःपुरती बंदूक घरी जुळवली, तर केंद्राला त्याच्याकडून परवाना नको असतो आणि तिच्यावर नंबर घालायची सक्तीही नसते. बायडन सरकारने घोस्ट गनबद्दल केलेल्या २०२२ च्या नियमाने हे बदललं नाही. म्हणून ‘बायडन यांनी घोस्ट गनवर बंदी घातली’ हे वाक्य कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याने नियम उघडून पाहिला नाही असं खुशाल समजा. नियमाने घरी जुळवायच्या सुट्या भागांचं किट विकणाऱ्याला बंदूक विकणाऱ्यांच्या रांगेत आणून उभं केलं, एवढंच. अर्थात तेही थोडं नाही.

बंदूक कशी बनते हे पुढे नाही. नियम कसा बनतो, कुठे टिकतो आणि कुणाला लागू होतो ते आहे. कायद्याचे विद्यार्थी, बातम्या मराठीत आणणारे आणि अमेरिकेत नव्याने राहायला गेलेले, या तिघांना धरून लिहिलं आहे. तिसऱ्या गटाने घाईत असाल तर शेवटची पायरी आधी वाचावी.

पायरी १: ‘अध्यादेश’ हा शब्द बाजूला ठेवा

आपल्याकडची बरीच वर्तमानपत्रं अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकारी आदेशाला ‘अध्यादेश’ म्हणतात. इथूनच गोंधळ सुरू होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ खालचा आपला अध्यादेश संसद बसलेली नसताना काढतात आणि त्याला कायद्याचंच बळ असतं. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाकडे असा अधिकार नाही. त्याचा आदेश सरकारच्या खात्यांना उद्देशून असतो: अमुक तपासा, तमुक नियमाचा मसुदा आणा. आपल्या ओळखीचं काही शोधायचं तर तो जीआरच्या जवळ जातो.

कार्यकारी कारवाईचे चार थर ओळखायला शिका. सगळ्यात वरवरचा थर म्हणजे घोषणा. ८ एप्रिल २०२१ ला व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये बायडन यांनी केली ती हीच. न्याय खात्याने ३० दिवसांत नियमाचा मसुदा आणावा, असं त्यांनी सांगितलं. दुसरा थर सहीचा, क्रमांक असलेला कार्यकारी आदेश. तिसरा थर खात्याचा नियम. नागरिकाला आणि दुकानदाराला बांधतो तो हाच. चौथा, खात्याची खुली पत्रं आणि मार्गदर्शक सूचना; त्यांतून खातं नियम कसा वाचतं ते कळतं, पण त्यांना नियमाचं बळ नसतं. बातमी कोणत्या थराची आहे हे आधी ठरवा. घोषणेच्या दिवशी कायदेशीररीत्या काहीच बदललेलं नसतं.

पायरी २: १९६८ च्या कायद्याचं एक वाक्य वाचा

खात्याला स्वतःच्या मनाने काही करता येत नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, केलेल्या कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लावता येतो, तितकाच. त्यामुळे सगळी मदार त्या शब्दांवर. इथे मूळ कायदा १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. संघराज्य संहितेच्या १८ व्या शीर्षकातलं कलम ९२१ उघडा आणि ‘फायरआर्म’ची व्याख्या काढा. तिचे चार भाग आहेत. पहिला: स्फोटकाच्या जोराने गोळी फेकणारं, त्यासाठी घडवलेलं किंवा सहज तसं करून घेता येणारं शस्त्र, शर्यत सुरू करायचं पिस्तूलही त्यात धरलं आहे. दुसरा: अशा शस्त्राची फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्याच्यात बसतात तो सांगाडा. तिसरा सायलेन्सर, चौथा बॉम्बसारखी विध्वंसक साधनं. जुनी, प्राचीन गणली जाणारी शस्त्रं वगळली आहेत.

आपल्या कामाचे पहिले दोन भाग. त्यातही दोनच शब्द पेन्सिलने अधोरेखित करा: ‘सहज’ आणि ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’. पुढचा चार वर्षांचा कज्जा या दोन शब्दांवर झाला.

एखादी वस्तू ‘फायरआर्म’ ठरली की तिच्यामागे बरंच काही ओघाने येतं. विकण्याचा धंदा करणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो. बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या परवानाधारकाला तिच्यावर सीरियल नंबर कोरावा लागतो. गिऱ्हाइकाकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासणी करावी लागते. ही तपासणी १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आली आणि आताची संगणकीय पद्धत ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. वस्तू ‘फायरआर्म’ नाही म्हटलं की यातलं काहीच नाही, टपालाने घरपोच.

पायरी ३: फट नेमकी कुठे होती ते समजून घ्या

विक्रेत्यांचा युक्तिवाद साधा होता. आम्ही विकतो तो अर्धवट तुकडा. थोडं काम गिऱ्हाइकाने करायचं आहे, म्हणून ही बंदूक नव्हे आणि फ्रेमही नव्हे. अशा तुकड्यांना बाजारात ‘ऐंशी टक्के’ म्हणत. कायद्यात हा शब्द कुठेही नाही. टक्के मोजण्याची पद्धतही नाही. जाहिरातीतला शब्द कायद्याचा समजून चालणं ही नवख्यांची हमखास चूक.

दुसरी अडचण खात्याच्या स्वतःच्या जुन्या व्याख्येत होती. हॅमर, बोल्ट आणि गोळी झाडण्याची यंत्रणा ज्या भागात बसते तो रिसीव्हर, अशी ती व्याख्या. आजच्या अनेक बंदुकांत, एआर-१५ रायफल धरून, हे घटक एका भागात नसतात. काही वर, काही खाली. शब्दशः वाचलं तर कोणताच एक भाग रिसीव्हर ठरत नाही, असं म्हणून काही केंद्रीय न्यायालयांनी आरोपींना झुकतं माप दिलं. म्हणजे घोस्ट गनचा प्रश्न नसता तरी ही व्याख्या दुरुस्त करावीच लागली असती.

फटीचा परिणाम तपासात दिसतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा नंबर पोलीस वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या राष्ट्रीय माग केंद्राला कळवतात. बंदूक मालकांची मध्यवर्ती नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याची मनाई आहे, त्यामुळे तिथले लोक आधी बनवणाऱ्याला विचारतात, त्याच्याकडून ठोक व्यापारी कळतो, मग दुकान, आणि दुकानातल्या ४४७३ वरून पहिलं गिऱ्हाईक. नंबर नसेल तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. माग काढायला पोलिसांनी पाठवलेल्या घोस्ट गन २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये त्या १९,००० च्या वर गेल्या. हे आकडे लिहिताना जपा: ते पाठवलेल्या बंदुकांचे आहेत, देशात अशा किती आहेत याचे नव्हेत.

पायरी ४: तारखा एका कागदावर मांडा

नियम करणारं खातं म्हणजे न्याय खात्याखालचा मद्य, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकांचा ब्युरो. सगळे त्याला एटीएफ म्हणतात. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याप्रमाणे त्याला आधी मसुदा छापून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आपल्या महापालिकेच्या विकास आराखड्यासारखंच; फक्त इथे आलेल्या महत्त्वाच्या हरकतींना अंतिम नियमात उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर तेवढ्यावर कोर्ट नियम उडवू शकतं.

मसुदा केंद्रीय राजपत्रात, म्हणजे फेडरल रजिस्टरमध्ये, २१ मे २०२१ ला आला. हरकतींना ९० दिवस होते. १९ ऑगस्टला मुदत संपली तेव्हा २,९०,००० हून अधिक आल्या होत्या. अंतिम नियम ११ एप्रिल २०२२ ला जाहीर झाला, २६ एप्रिलला छापला गेला आणि २४ ऑगस्ट २०२२ ला लागू झाला. जाहीर, छापील आणि लागू या तीन तारखांपैकी माणसं पहिलीच लक्षात ठेवतात. कामाची असते तिसरी.

अंतिम नियमाचा दस्तऐवज उघडलात की पानंच्या पानं बघून घाबरू नका. त्यातला मोठा भाग हरकती आणि त्यांच्या उत्तरांचा असतो. बांधणारा मजकूर शेवटी येतो. आधी तो वाचा आणि मग एखादा शब्द अडला तर मागे जाऊन त्यावरची प्रश्नोत्तरं शोधा. उलट क्रमाने वाचणारे तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

पायरी ५: ‘सहज’ची कसोटी लावून पाहा

नियमाने दोन मुख्य गोष्टी केल्या. एक, सहज जुळवून गोळी झाडू शकेल असं सुट्या भागांचं किट हीच ‘फायरआर्म’ असं सांगितलं. दोन, फ्रेम आणि रिसीव्हर यांना वेगवेगळ्या, एकाच भागावर बोट ठेवणाऱ्या व्याख्या दिल्या, आणि सहज पूर्ण करता येणारी अर्धवट फ्रेमही फ्रेमच असं म्हटलं.

‘सहज’ म्हणजे काय, यासाठी आठ मुद्दे दिले आहेत: किती वेळ लागतो, काम किती सोपं आहे, किती कसब लागतं, कोणती हत्यारं लागतात, उरलेले भाग मिळतात का, खर्च किती, पूर्ण होण्यासाठी किती फेरबदल करावे लागतात, आणि तसं करताना वस्तूच निकामी होते का. यातला एकही मुद्दा एकटा निर्णायक नाही. मिनिटांची मर्यादाही नाही. इंटरनेटवर ‘आठ तासांच्या आत तयार झाली तर बंदूक’ अशा छापाचे ठोकताळे फिरतात. अंतिम नियमात तसं काही नाही.

अर्धवट फ्रेम तपासताना खातं ती ज्याच्यासोबत विकली जाते तेही बघू शकतं: साचे, सूचनापत्रक, हत्यारं, जाहिरातीचा मजकूर. डिसेंबर २०२२ च्या खुल्या पत्रात एटीएफने आणखी पुढे जाऊन सांगितलं की पिस्तुलाच्या काही अर्धवट फ्रेमी साच्याशिवाय विकल्या तरी फ्रेमच धरल्या जातील. हे पत्र म्हणजे पहिल्या पायरीतला चौथा थर, हे लक्षात असू द्या.

कसोटी डोक्यात बसवायला पापडाचं उदाहरण चांगलं. वाळवलेला, न तळलेला पापड हा पापडच; त्याला कुणी ‘पापडाचा कच्चा माल’ म्हणत नाही. उडदाच्या पिठाचा डबा म्हणजे पापड नव्हे, हेही तितकंच स्पष्ट. भांडण होतं ते लाट्यांवर. किटवाले ‘आमच्या लाट्या आहेत’ म्हणत होते. सरकार म्हणत होतं, पापड वाळून डब्यात भरलेत, तळायचेच बाकी आहेत.

पायरी ६: दुकानाच्या गल्ल्यावर काय बदललं

बातम्यांत हा भाग जवळजवळ येतच नाही, पण व्यवहारात नियम रोज दिसतो तो इथे. परवानाधारक दुकानदाराकडे किंवा गहाणवट घेणाऱ्याकडे कुणी घरी बनवलेली बिननंबरी बंदूक आणली आणि त्याने ती साठ्यात घेतली, तर सात दिवसांत, किंवा त्याआधी विकायची झाल्यास विकण्यापूर्वी, तिच्यावर नंबर कोरावा लागतो. आवक-जावक वहीत बनवणाऱ्याच्या रकान्यात ‘खासगी बनावट’ या अर्थाची नोंद करायची. दुरुस्तीला आणलेली बंदूक त्याच दिवशी मालकाला परत दिली तर ही भानगड नाही. रात्र दुकानात काढली की साठ्यात आली. बिननंबरी बंदूक घेतलीच पाहिजे अशी मात्र दुकानदारावर सक्ती नाही.

नंबर कसाही चालत नाही. सुरुवातीला दुकानदाराच्या परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक, मग एक आडवी रेघ, मग त्या बंदुकीचा स्वतंत्र क्रमांक: १२३४५६७८-००१ अशा धर्तीवर. कोरीव किमान ०.००३ इंच खोल, अक्षर किमान एक षोडशांश इंच उंच. प्लास्टिकच्या फ्रेमवर कोरलेलं घासून जातं, म्हणून तिच्यात कायमची रुतवलेली धातूची पट्टी चालते. सगळ्यात जास्त चुका परवान्याचे अंक उचलताना होतात: शेवटचे पाच घ्यायचे तिथे मधले घेतले जातात, आणि मग माग काढणारा भलत्याच दुकानाच्या दारात जातो.

वह्यांचाही नियम बदलला. पूर्वी वीस वर्षांनंतर जुने कागद नष्ट करता येत. आता धंदा चालू आहे तोवर जपायचे. जागा कमी पडली तर वीस वर्षांपेक्षा जुने कागद वेगळ्या गोदामात ठेवता येतात.

पायरी ७: कोर्टातला प्रवास क्रमाने लावा

टेक्सासमधल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने २०२३ च्या उन्हाळ्यात हा नियम पूर्ण रद्द केला. ८ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे नियम चालू राहिला. नोव्हेंबरमध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही नियमाविरुद्ध कौल दिला. ८ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, आणि २६ मार्च २०२५ ला बॉन्डी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी नियम टिकला. निकाल न्यायमूर्ती गॉर्सच यांचा. थॉमस आणि अलिटो विरोधात. मौज म्हणजे स्थगितीच्या वेळी गॉर्सच आणि कॅव्हनॉ दोघेही नियमाच्या विरुद्ध बाजूला होते. स्थगितीच्या मतांवरून अंतिम निकाल वर्तवू नये, तो यासाठी.

निकालाचा गाभा भाषेचा आहे. कायद्यानेच शर्यतीच्या पिस्तुलाला शस्त्रांत धरलं आहे. ते आहे त्या स्थितीत गोळी झाडत नाही, तरी धरलं आहे. मग अपुरी वस्तू शस्त्र असूच शकत नाही, हे म्हणणं टिकत नाही. निकालात एका किटचा दाखला आहे: ते पूर्वी कधी न हाताळलेल्या माणसाने नेहमीच्या हत्यारांनी २१ मिनिटांत त्यातून बंदूक तयार केली होती. तो निःसंशय पापड होता.

इथे एक गोष्ट नीट वाचा. आव्हान संपूर्ण नियमाला होतं. कुठल्याही किटला तो लागू होऊच शकत नाही, असं. न्यायालय म्हणालं, काही किटांना तर नक्कीच लागू होतो, म्हणून सरसकट आव्हान फेटाळतो. लाट्यांचा प्रश्न त्याने सोडवला नाही. एखाद्या विशिष्ट वस्तूबद्दल उद्या नवा खटला उभा राहू शकतो.

शेजारी दुसरा निकाल ठेवला की कार्यकारी अधिकाराची हद्द दिसते. लास व्हेगासमध्ये २०१७ मध्ये झालेल्या गोळीबारानंतर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत याच एटीएफने बंप स्टॉकला, म्हणजे रायफलमधून भराभर गोळ्या झाडायला मदत करणाऱ्या जोडभागाला, मशीनगन ठरवणारा नियम केला. १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी उडवला, कारण कायद्यातली ‘ट्रिगरच्या एका क्रियेने’ ही शब्दरचना त्याला बसत नव्हती. खातं तेच, हेतू तसाच, पण एका जागी कायद्याच्या शब्दांत जागा होती आणि दुसऱ्या जागी नव्हती.

पायरी ८: राज्याचा कायदा आणि आजची स्थिती तपासा

केंद्राचा नियम हा तळ आहे, छत नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, वॉशिंग्टन, इलिनॉय, कोलोरॅडो, ओरेगन अशा राज्यांत स्वतंत्र आणि अधिक कडक कायदे आहेत. न्यू जर्सीने २०१८ मध्येच किटांवर बंदी आणली. कॅलिफोर्नियात घरी बनवलेल्या बंदुकीला राज्याच्या न्याय खात्याकडून नंबर मिळवणं त्याच वर्षी सक्तीचं झालं. इलिनॉयमध्ये नुसती बिननंबरी बंदूक बाळगणंही गुन्हा आहे. टेक्सासमध्ये असा राज्य कायदा नाही. राज्याची सीमा ओलांडली की उत्तर बदलतं.

कार्यकारी मार्गाने आलेला नियम कार्यकारी मार्गाने बदलूही शकतो. ७ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने ट्रम्प यांनी ॲटर्नी जनरलना आधीच्या सरकारचे बंदुकीविषयीचे नियम तपासायला सांगितलं. तो आदेश दुसऱ्या थरातला. त्याने कोणताही नियम आपोआप जात नाही, मोडायचा तर पुन्हा मसुदा, हरकती, राजपत्र हीच वाट. म्हणून लेखांवर विसंबू नका, यावरही नाही. केंद्रीय नियमसंहितेच्या इंटरनेटवरच्या प्रतीत २७ व्या शीर्षकाचा भाग ४७८ उघडा. वर ‘अमुक तारखेपर्यंत अद्ययावत’ असं लिहिलेलं असतं. ती तारीख पाहून मग कलम ४७८.११ आणि ४७८.१२ वाचा.

पायरी ९: व्हिसावर असाल तर

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असे बिगर-स्थलांतरित व्हिसे असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने ‘फायरआर्म’ बाळगायची मनाई आहे. मुख्य अपवाद अमेरिकेत रीतसर मिळालेल्या शिकारीच्या परवान्याचा. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत. यातला ‘फायरआर्म’ पायरी २ मधलाच. म्हणजे ज्या किटला नियम बंदूक म्हणतो ते नुसतं घरी मागवून, पेटीही न उघडता ठेवलं तरी बंदूक बाळगल्याचा प्रश्न उभा राहतो. फ्लॅटमधल्या मित्राने ‘तुझ्या नावावर पार्सल येऊ दे’ म्हटलं तर नाही म्हणा.

रेहैफ खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आपण मनाई असलेल्या गटात आहोत हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तो खटलाही एका परदेशी विद्यार्थ्याचाच. विद्यापीठाने काढून टाकल्यावर त्याचा दर्जा संपला होता आणि तो नेमबाजीच्या रेंजवर गेला होता. पण या निकालाच्या भरवशावर राहू नये. आपल्या पासपोर्टवर कोणता व्हिसा आहे हे मला माहीत नव्हतं, असं आयटीतल्या माणसाने म्हटलं तर ज्युरी हसेल.

ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही. पण स्थलांतर कायद्यात एक कलम आहे: बंदूक बेकायदा विकत घेणं, विकणं किंवा बाळगणं यासाठी दोषी ठरलेल्या परकीय नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, आणि ग्रीन कार्डवाला तिथे परकीयच. त्या कलमातली बंदुकीची व्याख्याही उसनी घेतलेली आहे, कलम ९२१ मधून. त्यात राज्याच्या कायद्याखालची शिक्षाही धरली जाते. इलिनॉयमध्ये बिननंबरी पिस्तुलाबद्दल गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर सुटायचा सल्ला फौजदारी वकिलाने दिला, तर सही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला तो कागद दाखवा.